मेकॅनिक म्हणतो फ्युएल पंप इग्निशनवरून डायरेक्ट देऊ. पाच पिनांचा रिले जोडायचा तर कसा?

डायरेक्ट देऊ नका. आमच्या दादाला हे सांगून चार वर्षं झाली, त्याला अजून पटलेलं नाही. म्हणून तुमचा प्रश्न दिसला आणि राहवलं नाही.

आमची गाडी 2004ची, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली. पंपाचा रिले, म्हणजे थोड्या करंटवर पंपाचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, गेला तेव्हा गल्लीतल्या वायरमनने इग्निशनच्या वायरवरून सरळ पंपाला लाइन दिली आणि दीडशे रुपये घेतले. गाडी एका चावीत सुरू. दादा म्हणाला, "बघ, रिले-बिले सगळ्या भानगडी." पंधरा दिवसांत चावीचं भोक गरम लागायला लागलं. मीटर लावला, तर गाडी चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि पंपाच्या कनेक्टरवर 10.9. मी दाखवलं. "चालतेय ना?" एवढंच उत्तर.

मग मे महिन्यात साताऱ्याला जाताना, खंबाटकी उतरल्यावर, पुढच्या टेम्पोने कचकन ब्रेक मारला आणि आम्ही त्याच्यावर आदळलो. कुणाला लागलं नाही. बॉनेट दुमडलं, इंजिन बंद. दादा चावी तशीच ठेवून टेम्पोवाल्याशी भांडायला उतरला. मागे बसलेली आई म्हणाली, "अरे, माझ्या सीटखाली काय गुणगुणतंय?" पंप चालूच होता! पुढे इंजिनजवळचा पेट्रोलचा होज निखळला होता आणि तापलेल्या मॅनिफोल्डपासून वीतभर अंतरावर पेट्रोलची धार लागली होती. मी चावी ओढून काढली तेव्हा ती थांबली.

मूळ वायरिंग असतं तर हे झालंच नसतं. चावी ऑन केली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पंप दोन-तीन सेकंद चालवतो आणि इंजिन फिरत नसेल तर बंद करतो. इंजिन बंद पडलं की पंपही बंद.

आता जोडणी. बॅटरीच्या प्लसवरून अडीच स्क्वेअर एमएमची वायर रिलेच्या 30 नंबरच्या पिनला, बॅटरीला लागूनच 15 अँपिअरचा फ्यूज. 87 वरून पंप. 86 ला इग्निशनची लाइन. 85 ला ईसीयूची पंपाची वायर, कारण बऱ्याच गाड्यांत ईसीयू तीच अर्थ करून (म्हणजे मायनसला जोडून) रिले ओढतो. इथेच बहुतेक वायरमन 85 सरळ बॉडीला टाकून मोकळे होतात. त्याने स्विचवरचा लोड कमी होतो, पण इंजिन बंद पडल्यावर चावी ऑन असेपर्यंत पंप आमच्यासारखाच चालत राहतो. दादाने नंतर हट्टाने हेच करून घेतलं आणि "घे, बसवला तुझा रिले" म्हणाला. मी त्या गाडीतून आईला पाठवत नाही.

मधली 87a मोकळी सोडा, टेप मारा. रिले बंद असताना करंट तिथे येतो, पंप तिथे जोडलात तर सगळं उलटं होईल.

हो, काही गाड्यांत ईसीयू अर्थ नाही, प्लस देतो. आधी मीटरने बघा. काही रिलेंवर हे नंबरच नसतात, तिथे साधारण 70-90 ओहम दाखवणाऱ्या दोन पिना कॉइलच्या, म्हणजे 85 आणि 86. आणि गाडी कार्ब्युरेटरची असेल तर ईसीयूच नाही; मग 85 बॉडीलाच द्या, पण 86 च्या लाइनमध्ये धक्का बसला की लाइन तोडणारा इनर्शिया स्विच घाला. जुन्या बाजारात मिळतो.