एकच आई बोलते, बाकीचे गप्प

पालकगट नुकतेच घ्यायला लागलेली एक समुपदेशक माझ्याकडे आली ती वैतागूनच. "मॅडम, दहा पालक येतात आणि दीड तास एकच आई बोलते. तिला तोडावं तर दुखावेल, न तोडावं तर बाकीचे यायचे बंद होतील." गट घेणाऱ्या बहुतेकांचं हेच रडगाणं. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.)

पुढच्या बैठकीला मी मागे वही घेऊन बसले. त्या आईचा नऊ वर्षांचा मुलगा अभ्यासाला बसवलं की पाय आपटायचा. ती सांगत होती आणि समुपदेशक दर वाक्याला उत्तर देत होती. वेळ ठरवा, मोबाइल आधी काढून घ्या, चिडू नका. वीस मिनिटांत अकरा सल्ले! खुर्चीसुद्धा तिच्याकडेच वळलेली. चारचौघांत चाललेलं खासगी समुपदेशनच ते. उरलेले नऊजण प्रेक्षक.

समुपदेशकाला वही दाखवली तेव्हा तिचा चेहरा पडला. "पण त्या उत्तरच मागतात!" मागणारच. समोर तज्ज्ञ बसलाय म्हटल्यावर कोण सोडेल?

आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. त्या आईला अडवायचं, पण तिच्याच शब्दाने: "जरा थांबते इथे. तुम्ही 'थकले' म्हणालात." मग नजर गोल फिरवून विचारायचं, "असं थकायला आणखी कोणाला होतं?" आणि मनात दहा अंक मोजत गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड. नवख्यांच्या तोंडून चार-पाचलाच पुढचा प्रश्न निसटतो.

हे करून पाहिलं त्या दिवशी समुपदेशकाने पेन मुठीत आवळून धरलं होतं. बऱ्याच वेळाने कोपऱ्यातले एक बाबा बोलले. आधीच्या बैठकांत नाव सांगण्यापलीकडे त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. "मी संध्याकाळी दाराबाहेरच उभा राहतो. आतला आरडाओरडा थांबेपर्यंत."

ती आई पहिल्यांदाच कोणाकडे तरी वळली. "मग आत गेल्यावर काय करता?"

'हे फक्त माझ्याच बाबतीत नाही', या जाणिवेला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी गटोपचारातल्या गुणकारी घटकांत स्थान दिलंय. ही जाणीव गटप्रमुखाच्या सल्ल्यातून येत नाही, शेजारच्या खुर्चीतून येते. अपवाद एकच: मुलाला इजा होत असल्याचं कोणी बोललं, तर ते गटावर सोडायचं नाही, त्या पालकाशी वेगळं बोलून पुढची पावलं उचलायची. गटातलं बोलणं गुप्त ठेवण्याला असलेली ही मर्यादा पहिल्याच बैठकीत सांगून ठेवायची.

ती आई अजूनही सगळ्यांत जास्त बोलते. मागच्या खेपेला मी पुन्हा सल्ले मोजले. तीन. त्यातले दोन तिनेच त्या बाबांना दिलेले.