स्पेनला जायचंय: महिनाभरात कोणती स्पॅनिश शिकू, आणि तिथल्या समुद्रात पोहावं का?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये दोघं बार्सिलोना, व्हॅलेन्सिया आणि सान सेबास्तियानला चाललाय, स्पॅनिशचा गंधही नाही आणि हातात जेमतेम महिना आहे. तर कोणते शब्द पाठ करावेत? शिवाय नवरा तलावात उत्तम पोहतो, पण समुद्रात कधी पोहलेला नाही, त्याने उतरावं का? नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं व्हॅलेन्सियात काढली आहेत, म्हणून दोन्हींचं उत्तर एकत्रच देते.

सगळ्यात आधी: बोलायची वाक्यं कमी पाठ करा, कानावर आणि डोळ्यांवर पडणारे शब्द जास्त. प्रवासी पुस्तिका उलटं करतात. त्या तुम्हाला 'दोन्दे एस्ता ला प्लाया?' म्हणजे 'समुद्रकिनारा कुठे आहे?' असं झोकात विचारायला शिकवतात. तुम्ही विचारता, आणि समोरचा माणूस तुम्हाला भाषा येते असं समजून भडाभडा सांगत सुटतो. त्या भडिमारातून तुम्हाला उचलायचे असतात तीनच शब्द: रेक्तो (सरळ), देरेचा (उजवीकडे), इथ्कियेर्दा (डावीकडे). ते ओळखता आले की काम झालं. दुकानात आकडे ऐकू यायला हवेत, त्यातही सेसेंता (60) आणि सेतेंता (70) यांत सगळ्यांची गल्लत होते. 'ऊनो थिंक्वेंता' म्हटलं की दीड युरो. काहीच कळलं नाही तर 'मास देस्पाथिओ, पोर फाबोर', जरा सावकाश बोला हो. हे एक वाक्य मात्र तोंडपाठ हवं.

मराठी माणसाला स्पॅनिश इंग्रजीतून शिकायची काही गरज नाही, उलट त्याने नुकसानच होतं. त्यांचा त आणि द आपलाच, दातांवरचा. आपण इंग्रजीच्या सवयीने 'टोमाटे' म्हणतो, ते म्हणतात 'तोमाते'. म्हणून वहीत सगळे शब्द सरळ देवनागरीत उतरवा. चार नियम लक्षात ठेवा: एच कधीच उच्चारायचा नाही (ओला, ओतेल), जे म्हणजे घशातला ख (खामोन), व्ही म्हणजे चक्क ब, आणि झेड, तसंच ई-आयच्या आधीचा सी, म्हणजे जीभ दातांत धरून काढलेला थ (ग्राथियास). व्याकरणातही एक सुखद धक्का बसेल. 'मे गूस्ता एल मार' म्हणजे मला समुद्र आवडतो, आणि 'मे गूस्तान लास प्लायास' म्हणजे मला किनारे आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं. इंग्रजी माणूस इथे महिनाभर अडखळतो, तुम्ही एका संध्याकाळीत पार व्हाल. लिंगं तर दोनच आहेत, आपण तीन सांभाळतो.

एक संकोच मात्र मुद्दाम मोडावा लागेल. स्पेनमध्ये कॅफेतल्या माणसाला सर्रास 'तू' म्हणतात. 'मे पोनेस उन काफे?' म्हणजे शब्दशः 'मला एक कॉफी देतोस?' यात उद्धटपणा नाही. अहो-जाहोचं 'उस्तेद' पोलिस आणि आजी-आजोबांसाठी राखून ठेवा.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी शाकाहारी असाल तर सांगून ठेवते: मेनूवर 'सांद्विच बेखेताल' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, त्यात बऱ्याचदा ट्यूना नाहीतर हॅम निघतं. 'सिन कार्ने, नि पेस्कादो, नि खामोन' (मांस नको, मासे नकोत, हॅमही नको) असं तिन्ही नावं घेऊनच सांगावं लागतं. आणि पाण्याची बाटली विकत घेण्याआधी 'आग्वा देल ग्रीफो', म्हणजे नळाचं पाणी, मागा. 2022च्या कायद्यानुसार ते फुकट देणं हॉटेलांना बंधनकारक आहे.

आता समुद्र. 'बान्यो' हा शब्द तुम्ही पहिल्याच दिवशी शिकाल, कारण स्वच्छतागृह विचारताना तोच लागतो. नेमका तोच किनाऱ्यावरच्या पाटीवरही असतो: 'प्रोइबीदो एल बान्यो'. ही पाटी वाचून 'इथे टॉयलेट वापरायला मनाई' असा अर्थ लावून निवांत पाण्यात शिरणारे पर्यटक मी पाहिलेत. तिचा अर्थ आहे: इथे पोहायला बंदी. 'पेलीग्रो' म्हणजे धोका, आणि त्याखाली 'देस्प्रेन्दिमिएंतोस' असं लांबलचक काही लिहिलेलं असेल तर कड्यावरून दगड सुटतात, खाली सतरंजी पसरू नका. बार्सिलोनात पाट्या कातालान या तिथल्या भाषेत असतील, सान सेबास्तियानला तिथल्या बास्क भाषेतही (त्या गावाचं बास्क नाव दोनोस्तिया, बसच्या पाटीवर ते दिसलं तर गोंधळू नका).

झेंड्यांची भाषा सगळीकडे एकच. हिरवा म्हणजे उतरा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही. लाल असताना पोहल्यास अनेक नगरपालिका दंड करतात. पिवळ्याचा अर्थ मी नवशिक्यांना असा सांगते: कमरेच्या वर पाणी नको. निळा झेंडा, 'बांदेरा आथूल', मात्र पूर्ण वेगळी गोष्ट आहे. ते पाण्याच्या स्वच्छतेचं आणि सोयींचं वर्षभराचं प्रशस्तिपत्र. आज समुद्र कसा आहे याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि झेंडाच नसेल तर? बहुधा जीवरक्षकही नसतो. जीवरक्षकाला म्हणतात 'सोकोरीस्ता', आणि तो हंगामात, ठरलेल्या वेळेतच असतो. त्याची शिट्टी वाजली आणि हात हलवत 'सालिद, सालिद!' ऐकू आलं की बाहेर निघायचं. एकट्यालाच उद्देशून असेल तर नुसतं 'साल!'. हा शब्द तुम्हाला कधीच उच्चारावा लागणार नाही, पण ऐकल्याबरोबर कळायला हवा. बोलण्याआधी ऐकायचे शब्द शिका म्हणते ते यासाठीच.

तलावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्याला समुद्रात फसवतात त्या लाटा नव्हेत, पाण्याची ओढ. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत आत जायला वाट शोधतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात निघतं. गंमत अशी, की तिथे लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पाणी. नवख्याला वाटतं, चला, इथेच बरं आहे! स्पॅनिशमध्ये या ओढीला 'रेसाका' म्हणतात (रात्री जास्त झाल्यावर सकाळी जे डोकं धरतं त्यालाही रेसाकाच म्हणतात). सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून तिच्याविरुद्ध हात मारत राहू नका. चांगला पोहणारा नेमकं तेच करतो आणि दमतो. तरंगत राहा, श्वास सांभाळा, मग किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडा आणि तिथून फुटणाऱ्या लाटांबरोबर परत या. जमत नसेल तर नुसतं तरंगत हात हलवा आणि 'सोकोर्रो!' किंवा 'आयूदा!' अशी हाक द्या. उतरण्याआधी सोकोरीस्ताला विचारायचं: 'आय कोर्रिएंते?', ओढ आहे का? त्याने बोटाने जागा दाखवली की ती सोडून उतरायचं. आणखी एक वाक्य नवऱ्याकडून घोकून घ्या: 'नो आगो पिए', माझे पाय टेकत नाहीत. पायात गोळा आला तर 'कालांब्रे' हा एक शब्द पुरतो.

व्हॅलेन्सियाचा मालबारोसा किनारा रुंद, वाळूचा आणि बराच आतपर्यंत उथळ आहे. पूर्वेचा वारा, लेबान्ते, सुटला की तिथे लाटा आणि ओढ दोन्ही वाढतात, ते निदान दिसतं तरी. मला जास्त धास्ती असते ती पोनिएंतेची, जमिनीकडून येणाऱ्या पश्चिमेच्या वाऱ्याची. त्या दिवशी उकाडा जीव काढतो आणि समुद्र इतका सपाट असतो की पोरंसुद्धा हवेच्या गाद्या घेऊन निघतात. पण वारा आत ढकलत असतो. गादीवर पडून पाच मिनिटं डोळे मिटले की किनारा कुठल्या कुठे. पोनिएंते असताना 'कोल्चोनेता', म्हणजे ती हवेची गादी, पाण्यात न्यायचीच नाही.

वाऱ्याचं आधी कळावं म्हणून एक युक्ती, आणि तिने भाषाही शिकून होते. स्पेनचं हवामान खातं, आएमेत, किनाऱ्यागणिक अंदाज देतं. निघायच्या आधी रोज तुमच्या तिन्ही गावांतल्या एकेका किनाऱ्याचं पान उघडा. 'बिएंतो' वारा, 'ओलेआखे' लाटांचा जोर. पुढे फ्लोखो किंवा देबिल म्हणजे हलका, मोदेरादो मध्यम, फुएर्ते जोराचा. आठवड्याभरात शब्दकोश न उघडता वाचाल.

सान सेबास्तियानला भूमध्य समुद्राचे हिशेब विसरायचे. तो कांताब्रियन समुद्र, म्हणजे अटलांटिकचाच भाग, जूनमध्ये चांगलाच गार, आणि मोठ्या भरती-ओहोटीला पाण्याच्या पातळीत चार मीटरहूनही जास्त फरक पडतो. 'बाखामार' म्हणजे ओहोटी, 'प्लेआमार' म्हणजे भरती. ओहोटीला पसरलेली ऐसपैस वाळू भरतीला पार आक्रसते, म्हणून चपला-पिशव्या वर ठेवा. गार पाण्यात धाडकन उडी घेतली की श्वास अडकतो आणि नको तेव्हा तोंड उघडतं. मनगटं, मान भिजवत हळूहळू उतरा. जेवल्यावर दोन तास पाण्यात पाऊल टाकायचं नाही असं स्पॅनिश आज्या नातवंडांना दटावतात, ते 'कोर्ते दे दिखेस्तिओन' होईल म्हणून. पचनापेक्षा खरा धोका तापलेल्या अंगाला अचानक बसणाऱ्या थंडीच्या झटक्याचा असतो, पण आज्यांचं ऐकून बिघडत काहीच नाही.

23 जूनच्या रात्री व्हॅलेन्सियात असाल तर सान खुआनचा सण चुकवू नका. तिथल्या वाळूत होळ्या पेटतात आणि मध्यरात्री लोक लाटांवरून उड्या मारतात. उड्या घोट्याएवढ्या पाण्यात माराव्यात. अंधारात पोहणं नको, आणि दोन ग्लास पोटात असतील तर मुळीच नको.

जेलीफिश म्हणजे 'मेदूसा'. त्यांचं चित्र असलेला झेंडा दिसला तर त्या दिवशी वाळूतच बसा. डंख झालाच तर चोळू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने किंवा प्लास्टिकच्या कार्डाच्या कडेने काढा, वरून कापडात गुंडाळलेला बर्फ. 'मे आ पिकादो ऊना मेदूसा' म्हणत सोकोरीस्ताकडे गेलात तर बाकीचं तो बघेल. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा चक्कर आली तर थेट 112. हा नंबर युरोपीय संघात सगळीकडे फुकट लागतो. फोनवर किनाऱ्याचं नाव सांगावं लागतं, तेव्हा पोचल्या पोचल्या पाटीचा फोटो काढून ठेवा.

तर नवऱ्याने उतरावं का? मालबारोसाला हिरवा झेंडा असताना जरूर. छातीएवढ्या पाण्यात, किनाऱ्याला समांतर, पिवळ्या बोयांच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या) आतच. बोया नसतील तर किनाऱ्यापासून 200 मीटरपर्यंतचा पट्टा नियमाने पोहणाऱ्यांचा असतो आणि बोटींना तिथे तीन नॉटच्या (ताशी साधारण साडेपाच किलोमीटरच्या) वर वेग चालत नाही. पण इतक्या आत जायचं कारणच काय? सान सेबास्तियानला ला कोंचाचा आखात सुरक्षित कुशीत आहे, तिथे पोहू द्या. शेजारची सुरिओला मात्र खुल्या समुद्राला भिडलेली, सर्फिंगवाल्यांची. तिथे कठड्यावर बसून आइस्क्रीम खा आणि लाटा बघा.