स्कॉर्सेसीच्या 'कॅसिनो'मधला टँजियर्स लास व्हेगासमध्ये नेमका कुठे आहे? जाऊन बघता येतो का?

टँजियर्स नावाचा कॅसिनो लास व्हेगासमध्ये कधीच नव्हता. पडद्यावर दिसतो तो दोन वेगवेगळ्या हॉटेलांतून जुळवलेला आहे, आणि आज त्या दोन्हींपैकी एकही उभं नाही. पण तुम्ही जाणारच असाल तर बेत रद्द करू नका, बघण्यासारखं बरंच उरलंय. आम्ही २०१८च्या मार्चमध्ये यातलं बरंचसं पायी फिरून पाहिलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आई-बाबा तेव्हा आमच्याकडे सॅन होजेला आले होते. मुलांकडे अमेरिकेला आलेल्या आईवडिलांची ग्रँड कॅन्यनची फेरी बहुधा व्हेगासवरूनच होते, तशी त्यांचीही ठरली. बाबा एकतीस वर्षं बँकेत कॅशिअर होते. १९९५चा हा चित्रपट ते परत परत बघतात तो एका प्रसंगासाठी. एक माणूस बॅग घेऊन कॅसिनोत शिरतो, थेट पैसे मोजायच्या खोलीत जातो, कोणी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, आणि बॅग भरून तो आला तसा गर्दीतून निघून जातो. "मोजणी व्हायच्या आधीच उचलले, मग फरक दाखवणार कोण?" हे बाबांचं ठरलेलं वाक्य. त्यांना तो माणूस चालत गेला ती जागा बघायची होती.

ती जागा म्हणजे रिव्हिएरा हॉटेलचा कॅसिनो. टँजियर्सचा आतला भाग तिथेच चित्रित झाला. सेट उभारायचा तर खर्च जवळपास तेवढाच आला असता, म्हणून खऱ्याखुऱ्या, चालू कॅसिनोतच काम करायचं ठरलं. सहाएक आठवडे मध्यरात्रीनंतर शूटिंग चालायचं आणि त्याच वेळी बाजूला लोक खरे पैसे लावून खेळत असायचे. रॉबर्ट डी निरो, शॅरन स्टोन आणि जो पेशी आत शूटिंग करताहेत, असा मोठा फलकही रिव्हिएराने बाहेर लावला होता, गिऱ्हाईक यावं म्हणून. त्या दृश्यांमागे जो जिवंत गलबला आहे तो मला तरी सेटवर साधला असता असं वाटत नाही.

रिव्हिएरा १९५५चं. मे २०१५मध्ये ते बंद झालं आणि २०१६च्या जून आणि ऑगस्टमध्ये त्याचे टॉवर सुरुंग लावून पाडले. आम्ही गेलो तेव्हा तिथे नुसतं डांबर घातलेलं मैदान होतं. बाबा कुंपणापाशी बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "आत शिरायचं दार कुठल्या बाजूला असेल गं?" मी फोनवर जुना फोटो काढून दिला. तो रस्त्याशी जुळवून त्यांनी दाराची जागा शोधली, तेव्हाच आम्ही पुढे निघालो.

बाहेरून दिसणारं टँजियर्स मात्र लँडमार्क हॉटेलचं. पॅराडाइज रोडवर, तेव्हाच्या हिल्टनसमोर (आता त्याचं नाव वेस्टगेट) ३१ मजली, वर गोल घुमट असलेला हा टॉवर होता. १९६९मध्ये हॉवर्ड ह्यूजने तो सुरू केला आणि १९९०मध्ये तो बंद पडला. शूटिंगच्या वेळी इमारत रिकामीच होती, तिच्या प्रवेशद्वाराला टँजियर्सचं रूप दिलं. ७ नोव्हेंबर १९९५ला ती पाडली आणि २२ नोव्हेंबरला चित्रपट अमेरिकेभर लागला. म्हणजे लोकांनी थिएटरात ते झगमगतं दार पाहिलं तेव्हा त्या जागी ढिगारा होता. रिव्हिएराच्या जागेपासून इथवर पायी पंधरा-वीस मिनिटं लागतात. मधल्या रस्त्याचं नाव पूर्वी रिव्हिएरा बुलेव्हार्ड होतं, २०१६पासून एल्विस प्रेस्ली बुलेव्हार्ड आहे. लँडमार्कची आणि रिव्हिएराची, दोन्ही जागा लास व्हेगास कन्व्हेन्शन सेंटर चालवणाऱ्या सरकारी संस्थेने विकत घेतल्या. म्हणजे जोडून केलेल्या त्या कॅसिनोचे दोन्ही अर्धे अखेर एकाच मालकाकडे गेले.

आता मूळ घटना जिथे घडली ती जागा. कथा बेतली आहे फ्रँक रोझेंथालवर. सत्तरच्या दशकात शिकागोच्या गुन्हेगारी टोळीच्या वतीने त्याने स्टारडस्ट हे हॉटेल-कॅसिनो चालवलं. हे स्टारडस्ट रिव्हिएराच्या अगदी समोर, रस्त्याच्या पलीकडे! शूटिंग चाललं होतं तेव्हा ते चालू होतं. चित्रपटात त्याचं नाव बदललं, पण शेवटाकडे 'स्टारडस्ट' हे जुनं गाणं ऐकू येतं. आता परत बघाल तेव्हा कान देऊन ऐका, माझ्या तर अंगावर काटा येतो. स्टारडस्ट मार्च २००७मध्ये पाडलं. आम्ही गेलो तेव्हा तिथे क्रेन लागल्या होत्या, २०२१मध्ये तिथे रिसॉर्ट्स वर्ल्ड सुरू झालं. चित्रपटाच्या शेवटी जे हॉटेल कोसळताना दिसतं ते मात्र ड्यून्स, ऑक्टोबर १९९३मध्ये पाडलेलं. आज तिथे बेलाजिओ आहे.

मग उरलं काय? सगळ्यात आधी निऑन म्युझियमला जा. रिव्हिएराच्या शेजारी ला कोंचा नावाचं मोटेल होतं, तेही चित्रपटात दिसतं. पॉल विल्यम्स या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने त्याची शिंपल्यासारखी लॉबी घडवली होती, १९६१मध्ये. २००६मध्ये तिचे आठ तुकडे केले, शहराच्या दुसऱ्या टोकाला नेले आणि परत जोडले. तुम्ही म्युझियममध्ये शिरता ते याच लॉबीतून. खाली उभं राहून वर बघा, काँक्रीटची ती कमान कडेला इतकी पातळ आहे की वजन नेमकं कुठे टेकलंय ते कळत नाही. मागच्या अंगणात जुन्या पाट्या ठेवल्यात, त्यात स्टारडस्टची दातेरी कडांची अक्षरंही आहेत. रंगाचे पापुद्रे सुटलेले, पत्रा गंजलेला आणि बल्बची रिकामी भोकं ओळीने. बाबा एका अक्षराची भोकं मोजायला लागले, गाइड पुढे निघून गेली तरी त्यांचं चालूच. आईने हाताला धरून त्यांना पुढे नेलं.

दुसरी जागा पेपरमिल रेस्टॉरंट, १९७२पासून चालू आहे आणि रिव्हिएराच्या जागेपासून दोन मिनिटांवर. तिथल्या फायरसाइड लाउंजमध्ये चित्रपटाचं शूटिंग झालं होतं. मधोमध पाण्याचं कुंड आहे, पाण्याच्या मधूनच आगीची ज्वाळा निघते आणि भोवती खोलगट बैठक. जांभळ्या-गुलाबी दिव्यांत समोरच्याचा चेहरासुद्धा निऑनसारखा दिसतो. टँजियर्सच्या काळातलं व्हेगास आत बसून अनुभवायचं असेल तर मला तरी हीच जागा माहीत आहे. खाण्याची एक प्लेट दोघांत भरपूर होते.

वेळ असेल तर फ्रीमाँट स्ट्रीटवरचा अ‍ॅटॉमिक लिकर्स हा १९५२चा बारही बघा, तिथेही शूटिंग झालंय. चित्रपटाचा नायक रॉथस्टीन याचं घर म्हणून दाखवलेला बंगला एका गोल्फ कोर्सच्या कडेला आहे, पण तिथे लोक राहतात, त्यांच्या दारात जाऊ नका. चित्रपटात दाखवलेल्या गाडीतल्या स्फोटाची खरी घटना ४ ऑक्टोबर १९८२ला ईस्ट सहारा अव्हेन्यूवरच्या एका रेस्टॉरंटच्या पार्किंगमध्ये घडली होती. रोझेंथालच्या कॅडिलॅकला ड्रायव्हरच्या सीटखाली लोखंडी पत्रा होता, त्याने तो वाचला. हे सगळं समजून घ्यायला मॉब म्युझियममध्ये, म्हणजे गुन्हेगारी टोळ्यांच्या संग्रहालयात, तीन तास काढा. चित्रपटात वकील म्हणून दिसणारा ऑस्कर गुडमन हा टोळीवाल्यांचा खराखुरा वकील, तो पुढे १९९९ ते २०११ या शहराचा महापौर होता आणि हे म्युझियम त्याच्याच कल्पनेतून उभं राहिलं.

निऑन म्युझियमचं तिकीट आधीच काढून ठेवा, आणि शक्यतो संध्याकाळचं काढा. अंधार पडता पडता दुरुस्त केलेल्या काही पाट्या पेटतात. रिव्हिएराच्या जागेकडे मात्र सकाळी लवकर जा, आम्ही गेलो तेव्हा तिथे सावली अजिबात नव्हती.