तुमचे प्रश्न : रिपोर्टमधले शब्द आणि वर्गातलं मूल

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की स्पेशल एज्युकेशनमधले कोणते शब्द कळत नाहीत ते कळवा, तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आणि मेसेज आले. बहुतेकांची गत एकच, हातात रिपोर्ट आहे, त्यावर शब्द आहेत, पण उद्या सकाळी मुलाला पुढ्यात बसवून काय करायचं ते कोणीच सांगितलेलं नाही. म्हणून उत्तरं देताना मी तेच जास्त सांगितलंय.

प्रश्न : ताई, माझा मुलगा चौथीत आहे. टेस्ट केली, रिपोर्टमध्ये आयक्यू 78 आणि खाली 'स्लो लर्नर' असं लिहून आलं. शाळेतले सर म्हणतात अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणा मग बघू, आणि हॉस्पिटलवाले म्हणतात याला सर्टिफिकेट मिळत नाही. आता आम्ही कोणाचं ऐकायचं? (एक आई, चोपडा तालुका)

उत्तर : सर्टिफिकेटचं हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलं ते बरोबर आहे. आयक्यूमध्ये साधारण 85 ते 115 हा सरासरी पट्टा धरतात. 70 च्या खाली आकडा असेल आणि शिवाय जेवण, कपडे, दुकानात जाणं, लोकांशी बोलणं हे रोजचे व्यवहारही वयाच्या मानाने मागे असतील तर त्याला बौद्धिक अक्षमता म्हणतात, नुसत्या आकड्यावर ते ठरत नाही. तुमचा मुलगा या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात स्लो लर्नर हा प्रकार नाही, म्हणून सर्टिफिकेट नाही.

पण सर्टिफिकेट नाही म्हणून मदत नाही असं कुठे लिहिलेलं नाही हो, आणि हे सरांना शांतपणे पण ठामपणे सांगा. या मुलांची फार ओढाताण होते कारण ती दिसायला बोलायला सगळ्यांसारखी असतात, त्यामुळे 'आळशी' हा शिक्का पटकन बसतो आणि तो बसला की मूल प्रयत्न करणंच सोडून देतं. तुमच्या मुलाला हवंय ते रेमेडियल टीचिंग. ही ट्युशन नाही बरं का. ट्युशनमध्ये आज वर्गात झालेलं संध्याकाळी परत करून घेतात, रेमेडियलमध्ये मूल नेमकं कुठे अडलंय ते शोधायला मागे जातात. चौथीतला मुलगा हातच्याच्या वजाबाकीत अडतो असं वाटतं पण खोदून बघितलं तर त्याला 42 मधला 4 म्हणजे चार दशक हेच उमगलेलं नसतं, मग हातचा शिकवून उपयोग काय. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधा, एक गठ्ठा सोडून सुट्या काड्या करू द्या, त्याच्या हातून, तुमच्या नाही. हे आठवडाभर केलं तरी चालेल, पुढे जायची घाई नको. आणि हो, आयक्यूचा आकडा नातेवाईकांना सांगत फिरू नका, मुलाच्या कानावर तर अजिबात जाऊ देऊ नका.

प्रश्न : मी जि.प. शाळेत तिसरीला शिकवतो. वर्गातला एक मुलगा 'डोळा' ऐवजी 'डोया' लिहितो, 'शाळेत' ऐवजी 'शायामा', 'माझा भाऊ' म्हणायचं तर 'मना भाऊ'. वाचनही अडखळत. ट्रेनिंगमध्ये डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-लेखनात अडण्याची, लक्षणं सांगितली होती त्यातली बरीच जुळतायत असं वाटतं. नाव पुढे तपासणीसाठी पाठवू का? (एक शिक्षक, अमळनेर तालुका)

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण नाव पाठवायच्या आधी तुम्ही थांबून विचारलंत. हा प्रश्न आपल्या खान्देशात जितका महत्त्वाचा आहे तितका पुण्यामुंबईच्या ट्रेनिंगमध्ये तो येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुम्ही दिलेली तिन्ही उदाहरणं डिस्लेक्सियाची नाहीत, ती अहिराणी आहे. अहिराणीत 'ळ' चा 'य' होतो, मूल घरी 'डोया' ऐकतं, 'डोया' बोलतं आणि जे बोलतं तेच लिहितं, म्हणजे आवाज ऐकून अक्षर लावायचं काम त्याला जमतंय! ही चूक नियमाने होते, जिथे जिथे 'ळ' तिथे तिथे 'य'. डिस्लेक्सियातल्या चुकांना असा सरळ नियम सापडत नाही, एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो, वेलांटी गळते, मात्रा भलतीकडे जाते, 'घ' 'ध' आणि 'भ' 'म' मध्ये गोंधळ तिसरी-चौथीतही सुटत नाही, जोडाक्षर आलं की वाचन थांबतं, आणि मुख्य म्हणजे नीट, पुरेसं शिकवूनसुद्धा हे महिनोन् महिने टिकून राहतं.

पण म्हणून त्याला डिस्लेक्सिया नाहीच असंही मी इथे बसून म्हणणार नाही, वाचन अडखळतंय असं तुम्ही लिहिलंय. मग काय बघायचं? त्याच्या घरच्या बोलीत बघा. त्याला विचारा, 'भाकर' मधून 'भा' काढला तर काय उरलं? 'माय' मधला पहिला आवाज कोणता? 'माय'शी जुळणारा दुसरा शब्द सांग. शब्दातले आवाज सुटे करणं आणि जोडणं हे अहिराणीतसुद्धा जड जात असेल तर संशयाला जागा आहे. तेच त्याला पटापट येत असेल आणि फक्त पुस्तकातली मराठी अडत असेल तर त्याला भाषेचा पूल हवाय, फळ्यावर एका बाजूला 'मना भाऊ शायामा गया' आणि दुसऱ्या बाजूला 'माझा भाऊ शाळेत गेला' असं दोन्ही लिहा, पहिलं वाक्य चूक म्हणून खोडू नका, ते घरचं आणि हे पुस्तकातलं असं सांगा. मुलं हे फार लवकर पकडतात.

अजून दोन गोष्टी आधी उरकून घ्या. एक म्हणजे डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा या मुलाला मुद्दाम पुढे करा, आणि पथक यायला वेळ असेल तर पालकांना सांगून आधीच दाखवून घ्या. दुसरं म्हणजे हजेरी. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातली मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर चार-पाच महिने जातात, घरी भिली किंवा पावरी, शाळेत मराठी, आणि भट्टीवर गुजराती कानावर पडते, अशा मुलाला वाचता येत नसेल तर त्याला शिकायला मिळालेलंच नाही हे कारण आधी धरायचं. शिकवलंच गेलं नाही म्हणून जे राहिलं त्याला अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) म्हणत नाहीत, ही त्या व्याख्येतलीच अट आहे.

एवढं सगळं करून, काही महिने नेटाने वेगळ्या पद्धतीने शिकवून, म्हणजे अक्षर वाळूत गिरवणं, आवाज मोठ्याने म्हणत लिहिणं, डोळे कान हात सगळे एकदम वापरून (याला मल्टीसेन्सरी पद्धत म्हणतात), तरी फरक दिसला नाही तर गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांना नक्की कळवा. अध्ययन अक्षमतेचं सर्टिफिकेट वयाच्या आठ वर्षांनंतरच मिळतं, तोपर्यंत मुलं नुसती उशिरा शिकणारीही असू शकतात. आणि पाठवताना चिठ्ठीवर ठळक लिहा की घरची भाषा अहिराणी आहे. तपासणाऱ्याला ते माहीत नसेल तर भाषेचे मार्क बुद्धीच्या खात्यात कापले जातात, आणि त्या मुलाच्या आयुष्यात एक चुकीचा कागद कायमचा येऊन बसतो.

प्रश्न : नातू साडेपाच वर्षांचा, ऑटिझम (स्वमग्नता) सांगितलाय. कानबाईच्या विसर्जनाला ढोल वाजायला लागले की कानावर हात ठेवून जमिनीवर लोळतो, किंचाळतो. भावकीतले म्हणतात लाडावलाय, दोन द्या ठेवून. आणि आपण विचारलं 'पाणी पाहिजे का' तर तोही 'पाणी पाहिजे का' असंच म्हणतो. (एक आजी, शहादा)

उत्तर : आजी, मारू नका आणि कोणाला मारूही देऊ नका. हट्ट आणि मेल्टडाऊन यात फरक असतो. हट्टाला काहीतरी हवं असतं, मूल मधून मधून बघतं की आपल्याकडे लक्ष आहे का, आणि वस्तू मिळाली की थांबतं. मेल्टडाऊनमध्ये त्याला काही नको असतं, आवाज, उजेड, गर्दी त्याच्या सहनशक्तीच्या पलीकडे गेलेली असते आणि तो स्वतःहून थांबवू शकत नाही. त्यावेळी समजावू नका, प्रश्न विचारू नका, उचलून शांत खोलीत न्या आणि जवळ बसा, त्याला चालत असेल तर घट्ट धरा, नसेल चालत तर नुसतं बसा. पुढच्या वर्षी रोट जेवायला त्याला घ्या, मिरवणुकीला घराच्या आतल्या खोलीत ठेवा, कानबाई काही रागावणार नाही.

तुमचंच वाक्य परत म्हणणं याला इकोलेलिया म्हणतात. ती चेष्टा नाही. पुष्कळदा तो त्यातून 'हो, पाहिजे' असंच सांगत असतो. तुम्ही प्रश्न विचारण्याऐवजी त्याच्या तोंडचं वाक्य बोला, पेला दाखवून 'मला पाणी दे' म्हणा, तो तेच म्हणेल, लगेच पाणी द्या. असं रोज. आणि दिवसभरात काय काय होणार त्याची चित्रं ओळीने भिंतीवर लावा, आंघोळ, नाश्ता, शाळा, झोप, एकेक झालं की चित्र काढून डब्यात टाकायला त्यालाच सांगा. पुढे काय होणार हे डोळ्याला दिसलं की धास्ती बरीच कमी होते.

प्रश्न : आयईपी भरून द्या म्हणतात, आम्ही मागच्या वर्षीचाच उतरवून देतो. याचा खरंच उपयोग आहे का? (एक शिक्षिका, साक्री)

उत्तर : उतरवून दिला तर नाही. आयईपी म्हणजे त्या एकाच मुलाचा वर्षाचा आराखडा, आज त्याला काय येतं, वर्षाअखेरीस काय यायला हवं, कोण शिकवणार, आणि आलं हे कशावरून ओळखायचं. आईवडील त्यात बसलेले हवेत, नुसती सही नको. बहुतेक फायलींत ध्येय म्हणून 'भाषा सुधारणे' लिहिलेलं असतं, हे मोजणार कसं? त्याऐवजी लिहा, 'काना आणि वेलांटीचे दोन अक्षरी 10 शब्द दिले तर मदतीशिवाय 8 वाचेल, सलग तीन दिवस'. आता दिवाळीत तुम्हाला कळेल जमलं की नाही, नसेल जमलं तर मुलाला दोष न देता पद्धत बदलता येईल.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी टास्क अ‍ॅनालिसिस शिकून घ्या, माझ्या मते या सगळ्या शास्त्रातली सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे. एका कामाचे बारीक बारीक टप्पे पाडायचे. चड्डी घालणं घ्या, धरणं, एक पाय, दुसरा पाय, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. पहिले चार तुम्ही करा आणि शेवटचं कमरेपर्यंत ओढणं फक्त त्याला करू द्या, म्हणजे काम पूर्ण झाल्याचा आनंद रोज त्याच्याच वाट्याला येतो, मग शेवटचे दोन, मग तीन. याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. मदत देताना आधी हात धरून, नंतर नुसती खूण, नंतर नुसता शब्द, आणि मग तोही काढून घ्यायचा. हा काढून घेण्याचा भाग आपल्याकडे राहून जातो आणि पोरगं बारा वर्षांचं झालं तरी आई घास भरवत असते.

प्रश्न : मुलगी नववीत, डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट आहे. दहावीला काय मिळेल? मैत्रिणीची आई म्हणते सोपा पेपर मिळतो. (एक वडील, भुसावळ)

उत्तर : पेपर तोच असतो भाऊ, तो देण्याची पद्धत बदलते. जास्तीचा वेळ, लेखनिक याला अकोमोडेशन म्हणतात, त्यात अभ्यासक्रम कमी होत नाही. वेळ तासाला 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. अभ्यासक्रमच बदलला तर ते मॉडिफिकेशन, उदाहरणार्थ गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित. ते घेताना मुलीला पुढे काय शिकायचंय ते आधी विचारा, कारण नंतर गणित लागणारे रस्ते बंद होतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या तिन्हींचा उल्लेख आहे, त्यामुळे ही कोणाची मेहेरबानी नाही. अर्ज शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो, नववी संपायच्या आतच मुख्याध्यापकांना भेटा, आणि सराव परीक्षाही लेखनिकाबरोबर द्यायला लावा, सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, ते परीक्षेच्या दिवशी आपोआप येत नाही.

प्रश्न : वर्गात कानाचं मशीन लावणारी मुलगी आहे. तिच्याशी मोठ्याने बोलू का? (एक शिक्षिका, शिरपूर)

उत्तर : नको, मशीन आवाज मोठा करतंच, ओरडलं की शब्द फाटतात. नेहमीच्या आवाजात, तिच्याकडे तोंड करून बोला, फळ्यावर लिहिताना पाठमोरं बोलू नका. पंखा आणि खिडकीपासून लांब, पुढे बसवा. समजलं का विचारलं तर ती हो म्हणेल, सगळीच मुलं म्हणतात, त्याऐवजी काय सांगितलं ते तिला सांगायला लावा. आणि मशीनचे जादा सेल पालकांकडून मागून तुमच्या टेबलाच्या खणात ठेवा.