मोंढ्यातल्या आडतीचा फॉक्सप्रोमधला हिशोब ॲक्सेसला कसा जोडायचा?

तुमचा प्रश्न असा: लातूरच्या मोंढ्यात आडत दुकान आहे, पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधल्या प्रोग्रॅममध्ये होतात, आणि सोयाबीन-तुरीचे शेतकरीनिहाय रिपोर्ट ॲक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधला डेटाबेस प्रोग्रॅम) हवेत, तेही पुन्हा टाइप न करता. जोडता येतं. फक्त चालू डेटाला थेट हात लावू नका, त्याच्या कॉपीला जोडा.

कारण सांगतो. फॉक्सप्रो टेबल बऱ्याचदा एक्सक्लुझिव्ह उघडतो, म्हणजे तेव्हा दुसऱ्या कुणाला ते उघडता येत नाही. गल्ल्यावर पट्टी चालू असताना ॲक्सेसने तीच फाईल मागितली तर ‘फाईल वापरात आहे’ म्हणून एरर येते. उलट ॲक्सेसने आधी धरली, तर पट्टी करणारा अडतो. त्याहून वाईट म्हणजे इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन शोधण्यासाठीची सूची. जुन्या प्रोग्रॅमचे इंडेक्स आयडीएक्स फाईलींत असतील तर ते आपोआप उघडत नाहीत. तुम्ही ॲक्सेसमधून एखादी पट्टी दुरुस्त केली किंवा नवी घातली, तर टेबल बदलतं पण इंडेक्स जुनाच राहतो. मग मूळ प्रोग्रॅममध्ये ती पट्टी शोधली की ‘सापडली नाही’. माणूस शपथेवर सांगतो की पट्टी केली होती, आणि ती फाईलमध्ये असतेही.

म्हणून रात्री दुकान बंद झाल्यावर, प्रोग्रॅममधून बाहेर पडून, पूर्ण डेटा फोल्डर कॉपी करा. नुसत्या डीबीएफ (टेबलाच्या मूळ फाईली) उचलू नका. मेमो (लांब मजकुराचं फील्ड) असलेल्या टेबलसोबत त्याच नावाची एफपीटी फाईल लागते, सीडीएक्स ही इंडेक्सची फाईल असेल तर तीही. यातली एक राहिली तरी टेबल उघडायला नकार देतं. कॉपीच्या फोल्डरचं नाव कायम एकच ठेवा, आर्थिक वर्ष बदललं तरी. ॲक्सेस लिंकमध्ये पत्ता साठवून ठेवतो, नाव बदललं की सगळ्या लिंक तुटतात.

आता सगळ्यांचं घोडं अडतं ती जागा: व्हिज्युअल फॉक्सप्रोचा (फॉक्सप्रोची विंडोजवरची आवृत्ती) ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे ॲक्सेसला फॉक्सप्रोच्या फाईली वाचू देणारा दुवा, फक्त ३२ बिटचा आहे. ६४ बिट आलाच नाही आणि येणारही नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती ९ होती, तिचा सपोर्टही २०१५ साली संपला. म्हणजे ॲक्सेसही ३२ बिटच हवा. फाईल, अकाउंट, अबाउट ॲक्सेस इथे बघा. ६४ बिट असेल तर अख्खं ऑफिस काढून ३२ बिट टाकावं लागतं. विंडोज ६४ बिट असलं तरी चालतं.

स्टार्टमध्ये ‘ओडीबीसी डेटा सोर्सेस’ दोन दिसतील, ३२ बिटवालाच उघडा. (गंमत म्हणजे सिस्टिम३२ नावाच्या फोल्डरात ६४ बिटवाला बसलेला असतो.) ॲड, मग मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल फॉक्सप्रो ड्रायव्हर. पुढच्या खिडकीत, तुमच्या डेटात डीबीसी फाईल (सगळ्या टेबलांना एकत्र बांधणारी) नसेल तर ‘फ्री टेबल डिरेक्टरी’ निवडा आणि कॉपीचं फोल्डर दाखवा. ऑप्शन्समध्ये एक्सक्लुझिव्हची खूण काढा आणि ‘डिलीटेड’ची खूण ठेवा. फॉक्सप्रोत डिलीट केलेली पट्टी खरी जात नाही, ‘पॅक’ ही साफसफाईची आज्ञा देईपर्यंत नुसती खूण होऊन फाईलमध्येच पडून असते. ही सेटिंग चुकली की रद्द पट्ट्याही बेरजेत येतात आणि क्विंटल फुगतात.

ॲक्सेसमध्ये एक्सटर्नल डेटा, न्यू डेटा सोर्स, फ्रॉम अदर सोर्सेस, ओडीबीसी डेटाबेस. तिथे इम्पोर्ट नको, लिंकचा पर्याय घ्या. तो ‘युनिक रेकॉर्ड आयडेंटिफायर’ विचारेल; काहीच न निवडता ओके दाबा. लिंक फक्त वाचण्यापुरती होते, आपल्याला तेच हवंय.

टेबल व्हिज्युअल फॉक्सप्रो ८ किंवा ९ मध्ये नव्या प्रकारचे फील्ड घालून बनवलेलं असेल तर हा ड्रायव्हर ते टेबल मानतच नाही. डॉसच्या २.६ वाल्यांना ही भीती नाही.

जोडल्यावर दोन गोष्टी दिसतील. पैसे न दिलेल्या पट्टीची तारीख फॉक्सप्रोत रिकामी असते, ती इथे ३०/१२/१८९९ किंवा नुसती १२:००:०० अशी वेळ म्हणून येते. बाकी किती हे काढताना क्वेरीत ‘इज नल’ (म्हणजे रकाना रिकामा) ही अट लावून उपयोग नाही, १९०० च्या आधीची तारीख अशी अट लावा. दुसरं, शेतकऱ्यांची नावं जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेली असतील तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. डेटा बिघडलेला नाही. रिपोर्टमधल्या त्या टेक्स्ट बॉक्सला तोच फॉन्ट द्या, नाव नीट उमटेल. पण युनिकोडमध्ये (आजच्या नेहमीच्या मराठी टायपिंगमध्ये) टाइप करून ते शोधता येणार नाही आणि अकारविल्हेही लागणार नाही, म्हणून रिपोर्ट खाते नंबरावरच लावा.