रेझ्युमेवर फोटो लावू का, असं विचारलंस म्हणून

अगं,

तुझा मेसेज वाचला, तू एवढंच विचारलंयस की फोटो ठेवू का काढू, पण सोबतची फाईल उघडून बघितली आणि म्हटलं हे नीट बसून लिहायला हवं. उत्तर आधीच देऊन टाकते: काढून टाक. पुण्यात अकाउंट्सच्या जॉबसाठी अप्लाय करतेयस, तिथे फोटोचा काडीचा उपयोग नाही.

तुझ्या पहिल्या पानावर मला काय दिसलं सांगू? वर उजव्या कोपऱ्यात फोटो, तोही कुणाच्यातरी लग्नातला कापून घेतलेला, शेजारच्या बाईचा खांदा आणि पदराचा काठ अजून दिसतोय. त्याखाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, उंची, अविवाहित, घर नंबरासकट पूर्ण पत्ता. हा लग्नाचा बायोडेटा झाला गं! सायबर कॅफेवाल्याकडे एकच फॉरमॅट असतो, येईल त्याला तो तोच देतो, त्यात तुझा काही दोष नाही. पण तू सीएच्या ऑफिसात टॅली सांभाळलंस, दर महिन्याला ११ तारखेच्या आत क्लायंटचं जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) आणि २० च्या आत ३बी (कर भरायचं रिटर्न) भरत होतीस, टीडीएसची रिटर्न्स बघत होतीस, हे सगळं कुठे गेलं? दुसऱ्या पानाच्या तळाशी, "अकाउंट्सचा अनुभव आहे" एवढ्या एका ओळीत. मला वाईट वाटलं वाचून, कारण तू महिनाअखेरीला रात्री उशिरापर्यंत थांबून ते काम केलंयस हे मला माहितीये. फोटोने अडवलेल्या जागेत हेच यायला पाहिजे, किती क्लायंट, कोणती रिटर्न्स, एक्सेलमध्ये नक्की काय काय येतं.

मी इतकी वर्षं भरतीचं काम करतेय, फोटो बघितल्यावर माणसं काय बोलतात ते मी कानाने ऐकलंय. आधीच्या एका कंपनीत एक साहेब होते, रेझ्युमे उघडला की पहिलं वाक्य फोटोवर, "ही जरा गावाकडची वाटते", की झालं, त्या पोरीला एक्सेलमधलं व्हीलुकअपचं सूत्र येतं का हे पुढे कुणी विचारायचंच नाही. आणि "ही स्मार्ट दिसते, बोलवा हिला" हे पण मला तितकंच खटकायचं, कारण त्या मुलीचंही काम कुणी वाचलेलं नसायचं. मग असं बोलायची संधी आपण हातात का द्यायची?

फोटो काढला म्हणजे सगळं समान झालं असं मात्र मी तुला सांगणार नाही, आडनाव तर वर असतंच. आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले पॉल अॅटवेल यांनी पेपरातल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा, आणि दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना कमी बोलावणी आली. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये हा अभ्यास आला. नुसत्या नावावर एवढं होत असेल तर चेहरा, रंग, टिकली, बुरखा ह्याची भर आपण स्वतःहून कशाला घालायची? जात-धर्माच्या ओळी पण त्याच कारणासाठी काढ. अमेरिकेत समान रोजगार संधी आयोगच कंपन्यांना सांगतो की अर्जाबरोबर फोटो मागू नका, ओळखीसाठी लागलाच तर माणूस नोकरी स्वीकारल्यावर घ्या.

अजून एक, मुलगी म्हणून हे तुला सांगायलाच हवं. रेझ्युमे एका ठिकाणी राहत नाही, कन्सल्टंट तो पुढे पाठवतात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो, कुठे कुठे जातो त्याचा पत्ता लागत नाही. फोटो, मोबाईल नंबर आणि घरचा पत्ता एकाच पानावर अनोळखी माणसाच्या हातात पडणं मला अजिबात बरोबर वाटत नाही. पत्त्यात फक्त "कोथरूड, पुणे" पुरे. आणि आधार कार्डाची झेरॉक्स मागेपर्यंत कुणाला पाठवायची नाही.

जिथे मागतात तिथे मात्र बिनधास्त लाव, आणि नीट लाव. तू बँकेची परीक्षा पण देणारेस ना, आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो लागतोच, ४.५ बाय ३.५ सेंटीमीटर, फाईल २० ते ५० केबी, सही वेगळी १० ते २० केबी. त्यासाठी स्टुडिओत जाऊन ताजा फोटो काढ, मागे फिकट भिंत, फिल्टर नको, आणि त्याच फोटोच्या जास्तीच्या कॉप्या जपून ठेव, पुढे लागतात. एअरलाईनची केबिन क्रू, मॉडेलिंग, गल्फमधले जॉब, इथे फोटो चालतो नाहीतर सरळ मागतातच. तुझा भाऊ जपानी शिकतोय म्हणालीस, त्याला सांग तिकडच्या रिरेकिशोत, म्हणजे ठरावीक नमुन्याच्या जपानी रेझ्युमेत, फोटोचा चौकोनच असतो, ४ बाय ३ सेंटीमीटरचा, तो रिकामा ठेवायचा नाही. जर्मनीत २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर फोटोची सक्ती राहिली नाही, पण बरेच जण अजूनही लावतात, तर तिकडे अप्लाय करताना जाहिरात नीट वाचायची.

लिंक्डइनवरचा फोटो राहू दे, तिथे लोक तुला ओळखून जोडले जातात, पण तोही लग्नातला नको.

आता फाईल वर्डमध्ये उघड, फोटो आणि तो टेबलवाला फॉरमॅट दोन्ही उडव (टेबलमधला मजकूर जॉब पोर्टलच्या सॉफ्टवेअरला कधीकधी धड वाचता येत नाही), साध्या ओळींमध्ये एका पानात बसव आणि पीडीएफ कर. फाईलला "न्यू रेझ्युमे फायनल २" नको, तुझं नाव दे. रविवारपर्यंत मला पाठव, मी एकेक ओळ वाचते आणि मग त्या चाकणच्या कंपनीला पाठवू.

तुझी,
ताई