दुसऱ्या मजल्यावरचा मोबाईल

«ताई, वय 47. शिरोलीला फौंड्रीत सुपरवायझर आहे. बावीस वर्षं सिगारेट ओढतोय, दिवसाला दहा-बारा. हिची रोज कटकट : कपड्यांना वास येतो, पोरांसमोर ओढू नका. एक्स-रे काढला, क्लिअर आहे. कामावर एक खाडा नाही. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, रोज चढतो. दुसऱ्यावर जरा मोबाईल बघायला थांबतो, तेवढंच. हिची कटकट कशी थांबवू?
– वैतागलेला, शिवाजी पेठ»

भाऊ, वहिनींचं राहू दे बाजूला. तुमचं एकच वाक्य मी चारदा वाचलं. मोबाईल बघायला दुसऱ्या मजल्यावरच का थांबता? एक जिना चढला की घर, मग तिथं निवांत बसून का नाही बघत? तुम्हाला दम लागतो, भाऊ. आणि तो लपवायची इतकी सवय झालीय, की मोबाईलचं कारण तुम्हालाच खरं वाटायला लागलंय.

श्वासनळ्या वर्षानुवर्षं अरुंद होत जातात, दुखत काहीच नाही. माणूसच आपलं जगणं आखडतं घेतो. जोतिबाला चालत जाणं सुटतं, रंकाळ्याची फेरी अर्ध्यावर येते, भाजीची पिशवी पोरगं वर नेतं. आपण म्हणतो, वय झालं. 47 हे जिन्यात थांबायचं वय नाही! तुम्ही जोतिबाला शेवटचे चालत कधी गेला होता?

एक्स-रेच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. सिगारेटनं होणारा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा हा आजार, सुरुवातीला एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री करतात. सुई नाही, काही नाही. नाकाला चिमटा लावून, छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जीव खाऊन फुंकायचं. पंपाचं औषध दिल्यावरही एकूण हवेतली 70 टक्क्यांहून कमी हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडली, तर नळ्या अडल्यात. फौंड्रीतल्या वाळूच्या धुळीचंही डॉक्टरांना सांगा, तीही छातीत जाते.

गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही, हे मी गोड करून सांगणार नाही. पण सिगारेट सुटली की पुढची घसरण मंदावते, सत्तेचाळिसाव्या वर्षीसुद्धा. पन्नाशीत पोरांबरोबर पन्हाळा फिरायचा की खुर्चीतून त्यांना जाताना बघायचं, एवढा फरक त्यानं पडतो. रिपोर्ट चांगला आला तरी ती ओढायची मोकळीक समजू नका. सोडायला मदत लागली तर 1800-11-2356 हा मोफत नंबर तुमच्या पाकिटावरच छापलेला असतो.

या आठवड्यात कामावर एक खाडा करा. सीपीआर या सरकारी दवाखान्यात जा नाहीतर छातीच्या कुठल्याही डॉक्टरांकडे, पण फुंकून या. वहिनींना बरोबर न्या. आणि आज संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर थांबलात, की मोबाईल खिशातच राहू द्या. वर गेल्यावर त्यांना सांगा, दम लागला म्हणून थांबलो होतो.